विश्लेषण : कंपनीचे इंजिन की स्वतःचे ट्यूनिंग? ताशी ८९ किमीची ‘इंडियन’ २९६ वर नेणारे बर्ट मन्रो कोण होते?

नवी मोटरसायकल घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच अनेकांच्या डोक्यात एक विचार घोळू लागतो. इंजिन कंपनीने दिले तसेच ठेवायचे, की बाहेरचा एअर फिल्टर, एक्झॉस्ट बसवून, ईसीयू रिमॅप करून त्यातून आणखी ताकद काढायची? न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो यांनी १९२० मध्ये घेतलेल्या एकाच मोटरसायकलवर या प्रश्नाचा पिच्छा चार दशकांहून अधिक काळ पुरवला. त्यांनी जे साधले ते थक्क करणारे आहे, पण त्यासाठी त्यांनी काय मोजले तेही पाहण्यासारखे आहे.

‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे

मन्रो यांच्यावरील ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ मधील चित्रपट आपल्याकडे अनेकांनी केवळ नाव पाहून लावला असेल. त्यातील ‘इंडियन’ हा माणूस नसून मोटरसायकल आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरातील ही कंपनी एकेकाळी हार्ली डेव्हिडसनची तगडी प्रतिस्पर्धी होती. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने तिच्यासाठी ‘स्काउट’ हे मॉडेल तयार केले आणि ते १९२० साठी बाजारात आले. त्याच वर्षी मन्रो यांनी १२० पौंड देऊन ते विकत घेतले. इंजिनाचा क्रमांक होता ५०आर६२७. म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही एक.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ चा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हर्कारगिल शहराजवळ, इडनडेल येथे कुटुंबाची शेती होती. त्यांची जुळी बहीण जन्मतःच दगावली. तरुणपणी त्यांनी काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर मजुरी केली, मग पुन्हा शेतीवर आले. स्काउटच्या आधी त्यांच्याकडे साइडकार जोडलेली क्लायनो ही ब्रिटिश गाडी होती. ती जास्त पळावी म्हणून त्यांनी साइडकारच काढून टाकली. पुढच्या पन्नास वर्षांत हा माणूस काय करणार, याचा अंदाज तेव्हाच यायला हरकत नव्हती.

स्टॉक स्काउट वाईट होती का?

अजिबात नाही. ६०० सीसीचे व्ही-ट्विन इंजिन, तीन गिअर, पुढे पात्याची स्प्रिंग आणि ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर इतका सर्वाधिक वेग. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांना हा वेग पुरून उरणारा होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कंपनी इंजिन बनवते तेव्हा ती कोणा एका चालकासाठी बनवत नाही. गाडी शेतकरी घेणार की पोलीस खाते, पेट्रोल कसे मिळणार, तेल वेळेवर बदलले जाणार का, यातले काहीच तिला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक भागात थोडी शक्ती राखून ठेवली जाते. स्टॉक इंजिनात ‘दडलेली’ म्हणून जी ताकद सांगितली जाते, ती बहुतेक वेळा हीच राखीव शिल्लक असते. ट्यूनर ती खर्चायला काढतो.

स्काउटचे इंजिन साइड व्हॉल्व्ह प्रकारचे होते. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण वळसा घेऊन आत येते. रचना सोपी, स्वस्त आणि टिकाऊ. मात्र इंजिनाला मोकळा श्वास घेता येत नाही आणि कॉम्प्रेशन वाढवण्यावरही मर्यादा येते. मन्रो यांनी १९२६ च्या सुमारास या गाडीत बदल करायला सुरुवात केली आणि कालांतराने ते इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचे करून टाकले. याला ट्यूनिंग म्हणावे की नवे इंजिन, हा प्रश्न पडावा इतका मोठा हा बदल आहे.

सुटे भाग विकत का घेतले नाहीत?

आज मोबाइलवर चार बटणे दाबली की परदेशी पिस्टन किट दारात येते. मन्रो यांच्यासमोर ही सोय नव्हती. ते मोटरसायकल विक्रेते आणि मेकॅनिक म्हणून काम करत, कमाई बेताची होती. अमेरिका समुद्रापलीकडे होती आणि खुद्द इंडियन कंपनीचे मूळ उत्पादनही १९५३ मध्ये बंद पडले. त्यामुळे कंपनीचा भाग की बाजारातला भाग, अशी निवड त्यांना फारशी करताच आली नाही. तिसरा मार्ग उरला, तो म्हणजे स्वतः बनवणे.

त्यांनी पिस्टन स्वतः ओतले. सिलिंडरचे बॅरल ओतीव लोखंडाच्या जुन्या पाइपमधून काढले. कनेक्टिंग रॉडसाठी ट्रॅक्टरचा जुना अॅक्सल घेतला, तो कापून कानशीने घासत आकारात आणला आणि तापवून, पाणी देऊन कडक केला. फ्लायव्हील, कॅम, कॅम फॉलोअर, तेल पोहोचवण्याची यंत्रणा हेही त्यांच्याच हातचे. मापे घेण्यासाठी त्यांनी चाकाच्या जुन्या स्पोकपासून मायक्रोमीटर बनवला होता. दिवसभर नोकरी आणि रात्री शेडमध्ये गाडी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

याला आपल्याकडे पटकन ‘जुगाड’ म्हटले जाईल, पण तो शब्द इथे तोकडा पडतो. जुगाड काम भागवण्यापुरता असतो. मन्रो एकच भाग तुटेपर्यंत चालवत, का तुटला ते पाहत आणि पुन्हा बनवत. साधने ओबडधोबड असली तरी ही पद्धत चाचणी विभागाचीच म्हणायला हवी.

एक भाग सुधारला की दुसरा का तुटतो?

मन्रो यांच्या आयुष्याचा मोठा भाग या एका प्रश्नात गेला. इंजिनाला अधिक हवा मिळाली की स्फोटाचा दाब वाढतो. हा दाब पिस्टन झेलतो आणि कनेक्टिंग रॉडकडे देतो. फेरे वाढले की रॉडवर आणखी वेगळा ताण येतो, कारण सेकंदाला कितीतरी वेळा पिस्टनला थांबवून उलट्या दिशेने ओढायचे असते. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले तर ताण चौपट. रॉड भक्कम केला तर बेअरिंग जाते. बेअरिंग टिकवायचे तर तेल जास्त आणि योग्य जागी पोहोचायला हवे. तेवढे जमले की क्लच घसरू लागतो.

रॉड धावत्या इंजिनात तुटला तर तो एकटा जात नाही. पिस्टन, बॅरल, कधी क्रँककेसही सोबत घेऊन जातो. मन्रो यांच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर असे फुटलेले, वितळलेले, वाकलेले भाग मांडून ठेवलेले असत आणि हे सारे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य असल्याची नोंद त्यांनी तिथे केली होती. त्यांची थट्टेखोर वृत्ती त्यात दिसते. पण फळीवरचा प्रत्येक तुकडा म्हणजे कित्येक आठवड्यांची मेहनत वाया गेली, असाही त्याचा अर्थ होता.

त्यांच्याकडे १९३६ ची वेलोसेट एमएसएस ही एक सिलिंडरची दुसरी गाडीही होती. तिच्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले. नाव मात्र स्काउटचे झाले.

वेगाचे आकडे हळूहळू वर सरकले. १९४० मध्ये त्यांनी ताशी १२०.८ मैल, म्हणजे १९४ किलोमीटरचा न्यूझीलंडचा खुल्या रस्त्यावरचा विक्रम केला आणि तो १२ वर्षे टिकला. १९५७ मध्ये इन्व्हर्कारगिलजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावर, टणक वाळूवर, स्काउटने ताशी १३१.३८ मैल म्हणजे २११ किलोमीटरचा टप्पा गाठला.

घरची किंमत

मन्रो यांनी १९२७ मध्ये बेरिल मार्टिन यांच्याशी लग्न केले. त्यांना चार मुले झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हा संसार मोडला. त्यानंतर मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि ते अक्षरशः गॅरेजमध्येच राहायला गेले. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला लेथ आणि मध्ये गाडी. त्यांच्यावरील कौतुकपर लेखांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. चार मुलांच्या घरात रात्री शेडमध्ये घालवणाऱ्या माणसाचा छंद बाकीच्यांना कसा वाटला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

पुढे हृदयविकाराचा त्रासही सुरू झाला. डॉक्टरी सल्ला आणि गाडी यांत त्यांनी काय निवडले, ते पुढच्या वर्षांवरून दिसतेच.

बॉनविलला काय घडले?

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनविल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वाहनांच्या वेगाचे विक्रम तिथे होतात. मन्रो तिथे एकूण १० वेळा गेले. पहिल्या खेपेला केवळ पाहायला, उरलेल्या नऊ वेळा गाडी पळवायला. जहाजाने अमेरिका गाठायची, स्वस्तातली जुनी नॅश कार घ्यायची आणि तिच्यामागे स्काउट बांधून मैदान गाठायचे, अशी ही मोहीम असे.

इथे इंजिनाच्या पलीकडचे एक गणित कामाला येते. हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट. ८९ वरून २९६ म्हणजे वेग साधारण ३.३ पट, त्याला शक्ती ३६ पटींच्या आसपास लागेल. इंजिन मात्र ६०० सीसीवरून वाढून शेवटी ९५० सीसीपर्यंतच पोहोचले. एवढी तफावत नुसत्या ट्यूनिंगने भरून निघत नाही. म्हणून मन्रो यांनी गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच बनवले, आधी अॅल्युमिनियम ठोकून आणि नंतर फायबर ग्लासचे. आज रिमॅपवर हजारो रुपये घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहायला हरकत नाही.

त्या कवचात बसणे म्हणजे पोटावर पालथे पडून एका नळीत शिरणे. एक्झॉस्टच्या नळ्या पायाला लागून असत आणि भाजत. एका धावेत गाडी भयानक डळमळू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो यांनी वाऱ्यात डोके वर काढले, तर गॉगलच उडून गेला. समोरचे दिसेना, तेव्हा त्यांनी गाडी मिठावर आडवी केली.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ८५० सीसीच्या इंजिनावर त्यांनी ८८३ सीसी गटात ताशी १७८.९५ मैल म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये १००० सीसी गटात १६८.०७ मैल. आणि २६ ऑगस्ट १९६७ रोजी त्याच गटात १८३.५९ मैल. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते आणि इंजिनाचे मूळ क्रँककेस ४७ वर्षांचे. पात्रता फेरीत एका दिशेच्या धावेत गाडीने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटरचा वेग गाठला होता.

चित्रपट किती खरा?

दिग्दर्शक रॉजर डोनल्डसन यांनी मन्रो हयात असताना, १९७१ मध्ये, त्यांच्यावर माहितीपट केला होता. ३४ वर्षांनी त्यांनीच अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन चित्रपट केला. त्यात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत आणि शेवटी काटा ताशी २०० मैलांच्या पुढे जाताना दाखवला आहे. अधिकृत विक्रम तितका नाही. विक्रमासाठी दोन विरुद्ध दिशांच्या धावांची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा वजा होतो.

रस्त्यावरच्या गाडीला यातले काय लागू?

फार थोडे. मन्रो यांना वर्षातून काही मिनिटे पूर्ण वेग हवा होता आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडायची त्यांची तयारी होती. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दर आठवड्याला कोणी उघडत नाही. वॉरंटीचा मुद्दा वेगळाच. शिवाय भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, म्हणजे बॅरल बदलून सीसी वाढवणे हे थेट कायद्याच्या कक्षेत येते. ताकद खरेच हवी असेल तर मोठ्या इंजिनाची स्टॉक गाडी घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. मन्रो यांनाही १९५० च्या दशकात स्काउटपेक्षा वेगवान गाडी विकत मिळाली असती. त्यांना ती नको होती.

मृत्यूनंतर सुधारलेला विक्रम

प्रकृती खालावल्यावर मन्रो यांनी आपल्या गाड्या इन्व्हर्कारगिलमधील हेज कुटुंबाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये अमेरिकेच्या मोटरसायकल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

त्यानंतर त्यांचा मुलगा जॉन यांच्या लक्षात आले की १९६७ च्या दोन धावांची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाली होती. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने २०१४ मध्ये ती दुरुस्त केली आणि १८३.५९ च्या जागी १८४.०८७ मैल, म्हणजे ताशी २९६ किलोमीटर असा आकडा नोंदवला. इन्व्हर्कारगिलमधील ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात आजही खिळे-स्क्रू घ्यायला आलेले गिऱ्हाईक मन्रो यांच्या गाडीसमोर घडीभर थांबते.