कोपऱ्यातल्या टेबलावरची हॅटी

ऑस्करचा सोहळा आपण टीव्हीवर पाहतो. लाल गालिचा, झगमगते झगे, टाळ्या… पण २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात काय घडलं, ते वाचलं आणि मन सुन्न झालं. ‘गॉन विथ द विंड’चे सगळे कलाकार एकत्र बसले होते. त्याच सिनेमातली हॅटी मॅकडॅनियल मात्र लांब, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर! कारण ती कृष्णवर्णीय होती. तिला आत घेण्यासाठीसुद्धा निर्मात्याला रदबदली करावी लागली. आणि त्या टेबलावरून उठून तिनं सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

हॅटीचा जन्म १८९३ चा, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावातला. तेरा भावंडांतलं शेंडेफळ. आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. घरात गरिबी, पण गाण्या-नाटकाची भारी हौस. हॅटी भावांबरोबर गात, लोकांना हसवत गावोगाव हिंडली. १९२९ ची मंदी आली आणि काम बंद. तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात तिनं स्वच्छतागृह सांभाळायची नोकरी धरली. तिथंच पुढं तिला गायला मिळालं. १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. सिनेमाचं काम नसेल तेव्हा लोकांच्या घरी घरकाम, स्वयंपाक. आणि सिनेमात काम मिळालं तरी कसलं? मोलकरणीचंच!

‘गॉन विथ द विंड’मधली मॅमी हीसुद्धा गुलाम दाईच. पण हॅटीनं तिला नुसती मान डोलावणारी ठेवली नाही. तिची मॅमी मालकिणीला तोंडावर सुनावते, घर सावरते, रडते. मात्र डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला पहिला खेळ झाला, तेव्हा तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हॅटीला जाताच आलं नाही. नायक क्लार्क गेबल चिडला, त्यानंही जायचं नाही ठरवलं. हॅटीनंच त्याची समजूत घातली, असं सांगतात.

गोऱ्यांनी दूर बसवलं, तसे आपल्याच माणसांचेही बोल तिला ऐकावे लागले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांना तिच्या भूमिका खटकत. असल्या मोलकरणी दाखवून समाजाची मान खाली जाते, असा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हता. पण घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये मी इतकी वर्षं वावरते आहे. पोटासाठी मिळेल ते काम पत्करणाऱ्या बाईला नावं ठेवणं सोपं असतं, तिच्यासाठी दुसरं दार उघडणं अवघड. हॅटीसाठी हॉलिवूडनं एकच दार उघडं ठेवलं होतं, ते स्वयंपाकघराचं. दोष दाराचा की तिचा?

आणि ती लढली नाही, असंही नाही हं! लॉस एंजेलिसच्या चांगल्या वस्तीत तिनं घर घेतलं. शेजारचे गोरे कोर्टात गेले. ही घरं कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत, असा करार दाखवू लागले. हॅटी आणि तिचे कृष्णवर्णीय शेजारी एकजुटीनं उभे राहिले आणि १९४५ मध्ये जिंकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे करार निकामी ठरवले ते १९४८ मध्ये, म्हणजे त्यानंतर!

१९५२ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत विसावायची तिची इच्छा होती. तिथंही रंग आडवा आला. मृत्युपत्रानुसार तिचं ऑस्कर हॉवर्ड विद्यापीठाला मिळालं, पण पुढं ते कुठं गेलं, कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, व्हूपी गोल्डबर्गला, ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडलं. तब्बल ५१ वर्षं! आणि हॅटीचं हरवलेलं ऑस्कर? २०२३ मध्ये अकादमीनं नवं घडवून हॉवर्ड विद्यापीठाला दिलं. ते स्वीकारायला हॅटी नव्हती, पण या वेळी तिचं ऑस्कर कोपऱ्यात नव्हतं, सगळ्यांच्या समोर होतं.