फ्रेडी मर्क्युरी

मुलांनो, पाचगणीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात झांझिबारचा एक पारशी मुलगा राहत असे. त्याचे नाव फरोख बलसारा. जन्म १९४६ चा. तो पियानो वाजवी, मुष्टियुद्धही खेळे.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली व बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे क्वीन या रॉक वाद्यवृंदाचे गायक म्हणून फरोख पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाले. एकदा कार्यक्रमात माइकचा दांडा तुटला. तो अर्धा दांडाच त्यांनी कायमचा हाती धरला. कधी ते तो तलवारीसारखा फिरवीत, तर कधी गिटारसारखा धरीत.

१९७९ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेतील नर्तकांबरोबर ते नाचले. वय ३३, नृत्याचे शिक्षण नाही. हसे होण्याची भीती होती. पण त्यांनी कसून तालीम केली. नर्तकांनी उचलून उलटे धरले, तरी त्यांचे गाणे थांबले नाही. १९८५ साली इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बली मैदानावर कार्यक्रम झाला. तेथे हजारो हात त्यांच्या तालावर एकाच वेळी उंचावले.

पुढे एड्सने त्यांचे शरीर खंगले. नाचणे सुटले, पण ध्वनिमुद्रण सुरूच राहिले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी ते वारले.

मुलांनो, नवी कला शिकताना लाजू नका. हसणारे हसतील, तालीम मात्र वाया जात नाही.