गोलंदाज बाळू पालवणकर

पुण्याच्या लष्कर भागात साहेबलोकांचा एक क्लब होता. १८९२ च्या सुमारास तेथे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा चाकरीस लागला. सकाळी मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर पाणी शिंपडावयाचे, रूळ फिरवावयाचा आणि सरावाची जाळी बांधावयाची, अशी त्याची कामे असत. पगार दरमहा चार रुपये. त्यापूर्वी तो पारशी मंडळींच्या क्लबात हेच काम तीन रुपयांवर करीत असे. या मुलाचे नाव बाळू.

बाळूचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्याचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडिलांची चाकरी लष्कराच्या आश्रयाने चाले व त्यामुळे कुटुंब पुण्यास आले. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांना क्रिकेटची गोडी लागली ती येथेच. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या आणि चेंडू हेच त्यांचे साहित्य. पालवणकर चर्मकार समाजातील होते. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. त्यांची सावलीसुद्धा अंगावर पडू न देणारे लोक पुण्यात पुष्कळ होते.

क्लबात ग्रेग नावाचे एक इंग्रज फलंदाज येत. पश्चिम हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा फलंदाज विरळाच. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर सराव करावा, म्हणून ते लवकर मैदानावर येत आणि बाळूस चेंडू टाकावयास सांगत. बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करी. त्याचा चेंडू हवेत अंमळ रेंगाळे आणि जमिनीवर पडताच अनपेक्षित दिशेस वळे. आपल्याला बाद केल्यास ग्रेगसाहेब प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शेकडो तासांच्या या सरावात बाळूची बोटे तयार झाली, एवढे निश्चित. मात्र त्या जाळीत त्याच्या हाती फळी कोणी कधी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करावयाची आणि चेंडू नोकराने टाकावयाचा, अशी तेथील रीत होती.

पुण्यातील हिंदू खेळाडूंचाही एक संघ होता आणि युरोपियन संघाला हरविण्याची त्यांना मोठी उत्कंठा होती. बाळूला आपल्या संघात घ्यावे की न घ्यावे, यावर त्यांच्यात वाद माजला. काही सभासद अनुकूल होते, काहींनी कडाडून विरोध केला. ग्रेगसाहेबांनीही असा गोलंदाज वगळणे हा शुद्ध मूर्खपणा ठरेल, असे मत बोलून दाखविले. अखेर बाळूला संघात जागा मिळाली. पण ती केवळ मैदानापुरती! चहाच्या वेळी इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, तर बाळूला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. तोंड धुवावयाचे झाल्यास दुसरा एखादा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात उभा राहून त्याच्या हातावर पाणी घाली. जेवणाचे ताट निराळे आणि बसण्याची जागाही निराळी. गंमत अशी की, त्याने झेललेला चेंडू त्याच्याच हातून घेताना मात्र कोणास विटाळ होत नसे.

एकदा हा संघ साताऱ्यास गेला. तेथील गोऱ्या जिमखान्याने बाळूची कीर्ती ऐकली होती. चेंडू वळू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती घट्ट करून ठेविली. तरीही बाळूने सात गडी टिपले आणि सामना जिंकून दिला. ज्याने आयुष्यभर खेळपट्ट्या तयार केल्या, त्याला त्या खेळपट्टीचे मर्म अधिक कळावे, यात नवल ते काय? पुण्यात या विजयाचा गौरव झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा रोकडा विचार न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी मांडला.

१८९६ साली पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ उद्भवली. त्यानंतर पालवणकर मुंबईस आले. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. येथेही प्रवेशास थोडी खळखळ झाली. परंतु मुंबईची हवा पुण्यापेक्षा मोकळी होती.

१९०६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन या संघांचा सामना ठरला. राज्यकर्त्यांपुढे हिंदूंचा हा संघ नवखाच. पारशी संघाने गोऱ्यांना पूर्वी हरविले होते, हिंदूंना मात्र अद्याप तशी संधीच मिळाली नव्हती. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांचा डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांवर बाद झाले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात धाकधूक सुरू झाली. २१२ धावा काढणे त्या बलाढ्य फलंदाजांना कठीण नव्हते. पण एका बाजूने पालवणकर आणि दुसऱ्या बाजूने एराशा हे गोलंदाज असे काही तिखट मारा करू लागले की, युरोपियनांचा सारा संघ १०२ धावांत गारद झाला! हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. पालवणकरांनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. शिवरामही याच संघात होते. मुंबईत हिंदू खेळाडू आता पालवणकरांच्या पंक्तीस बसून जेवू लागले होते आणि वृत्तपत्रांनी या गोष्टीचे सामन्याइतकेच कौतुक केले.

१९११ साली पारशी, हिंदू, मुसलमान व शीख अशा खेळाडूंचा अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. पण राज्याभिषेकाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत ते गुंतून पडले आणि थोडेच सामने खेळले. हवा थंड, खेळपट्ट्या अनोळखी. संघ एकामागून एक सामने हरू लागला. पस्तीस वर्षांच्या पालवणकरांचा खांदा दुखत होता, तरी प्रत्येक सामन्यात चेंडू त्यांच्याच हाती दिला जाई. अखेरीस जुलै महिन्यात लेस्टरशायर संघाविरुद्ध त्यांनी एकट्याने अकरा गडी बाद केले आणि संघाला पहिला मोठा विजय लाभला. लगेच सॉमरसेटशी सामना झाला. तेथे शिवरामांनी शतक झळकाविले आणि केवळ एक गडी हाती असताना संघ जिंकला. दौऱ्यात एकूण तेवीस सामने झाले. त्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. परंतु पालवणकरांनी ११४ बळी घेतले. इंग्लंडमधील काही जाणत्यांच्या मते तेथील कोणत्याही परगण्याच्या संघाने त्यांना आनंदाने घेतले असते.

मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकर त्या वेळी वीस वर्षांचे होते. आपल्या समाजातील या वीराचा त्यांना मोठा अभिमान वाटे.

इतके झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद पालवणकरांकडे यावे, हे ओघानेच आले असते. तसे घडले नाही. वर्षामागून वर्षे गेली; त्यांच्याहून कमी योग्यतेचे खेळाडू केवळ जातीच्या बळावर कर्णधार झाले. १९१३ साली एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा हा मान वस्तुतः आपले मित्र बाळू यांचा होता, असे त्यांनी भर सभेत सांगितले. असे मोकळे मन निवड करणाऱ्यांजवळ नव्हते.

१९२० साली चौरंगी सामने भरले. पै आजारी होते आणि पालवणकरांना त्या वर्षी संघातूनच वगळले होते. धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांचा हक्क डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे देण्यात आले, तेव्हा दोघांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून मांडली. गावोगाव या प्रकरणाची चर्चा झाली. शेवटी व्यवस्थापकांना नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात पै कर्णधार आणि पालवणकर उपकर्णधार झाले. खेळ चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाचे नेतृत्व पालवणकरांनी केले. ज्याची दहा वर्षे वाट पाहिली, ते अशा रीतीने काही घटकांपुरते त्यांच्या वाट्यास आले! त्यांचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते.

पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला आणि चाहत्यांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. नागपूरचे प्रसिद्ध फलंदाज सी. के. नायडू हेही त्या काळी हिंदू संघाकडून खेळत. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांना खुले केले, ते १९२८ साली. म्हणजे देवळाआधी पाच वर्षे क्रिकेटच्या मैदानाने हा उंबरठा ओलांडला होता.

खेळातून निवृत्त झाल्यावर पालवणकर सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एकेकाळी ज्याने त्यांच्या यशाचा अभिमान बाळगला, त्याच्याशीच हा सामना होता. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली व पालवणकरांना ११,२२५.

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.