हिप्परग्याचे मुख्याध्यापक

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे असलेल्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर ते छापले जाते. मात्र ज्यांचे हे नाव, त्यांची स्वतःची पदवी त्या काळच्या सरकारच्या लेखी कवडीमोलाची होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दर वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामीजींचे स्मरण होते आणि ते यथोचितच आहे. पण ते राजकारणात उतरले तेव्हा पस्तिशीला आलेले होते आणि त्यापूर्वीची सुमारे नऊ वर्षे त्यांनी मराठवाड्यात शाळा चालवण्यात घालवली होती. त्यांच्या राजकारणाची मुळे या नऊ वर्षांत आहेत.

मूळचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. शालेय शिक्षण सोलापूरकडे चालू असतानाच १९२० साल उजाडले. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय केला. पाठोपाठ असहकाराची लाट आली. सरकारी शाळा सोडा, राष्ट्रीय शाळेत जा, असा तो काळ होता. हजारो मुलांनी शाळा सोडल्या आणि त्यांतील बहुतेक वर्ष-दोन वर्षांत निमूटपणे परतलीही. खेडगीकर परतले नाहीत. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात दाखल झाले. १९२१ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ सरकारी मान्यतेवाचून चालत होते. तेथे त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून एम. ए. ची पदवी मिळवली. सरकारी नोकरीचा दरवाजा या पदवीने उघडणार नव्हता आणि ते जाणूनच त्यांनी ती घेतली होती.

पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काही काळ काम केले. कामगार चळवळीतील अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि ते काम सोडावे लागले. १९२९ साली त्यांनी निझामी मुलखातल्या एका खेड्यातील शाळा पत्करली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा हे ते गाव. मुंबई-दिल्लीच्या वर्तुळात वावरलेला, एम. ए. झालेला तरुण त्या काळी अशा आडगावी मुख्याध्यापक होऊन येतो, ही घटनाच विलक्षण होती.

या शाळेचे महत्त्व उमगण्यासाठी संस्थानातील शिक्षणाची घडी पाहिली पाहिजे. हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी बोलणारे चौथाईच्या आसपास आणि कन्नड बोलणारे दहा-अकरा टक्के होते. उर्दू ही प्रजेतील सुमारे एक-दशांश लोकांची भाषा. पण राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा तीच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. इंग्रजी दूर सारून एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. विज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर खाते उभारण्यात आले आणि त्याने कौतुकास्पद काम केले. ज्ञान स्वभाषेतून द्यावे, हे तत्त्व राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना मान्यच होते. प्रश्न एवढाच होता की ही स्वभाषा कोणाची? नांदेडच्या शेतकऱ्याच्या किंवा लातूरच्या व्यापाऱ्याच्या मुलाला सुरुवातीचे वर्ग मराठीतून शिकता येत. पण वरच्या वर्गात गेले की गणितापासून इतिहासापर्यंत सारे उर्दूतून. जी मुले या वळणावर अडखळली, त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. ज्यांच्या घरी ऐपत होती ती सोलापूर, पुणे किंवा नागपूर गाठत. एरवी मुलगा घरच्या शेतीला किंवा दुकानाला लागे.

सरकारी शाळा पुरत नाहीत आणि त्यांची भाषाही आपली नाही, तेव्हा लोकांनी स्वतःच्या शाळा काढाव्यात, हा मार्ग राहतो. तोही सरळ नव्हता. १९२० च्या दशकात खासगी शाळांसाठी नियम झाले आणि शिक्षण खात्याच्या पूर्वपरवानगीविना शाळा उघडणे अशक्य झाले. सभेला परवानगी, आखाड्याला परवानगी, वाचनालयावर नजर, असा तो कारभार होता. तरीही गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय अशा मोजक्या संस्थांनी तग धरला. वकील, व्यापारी आणि गावोगावचे प्रतिष्ठित यांच्या वर्गणीवर त्या उभ्या होत्या. राजकीय सभा घेता येत नसलेल्या मुलखात माणसे एकत्र येण्याचे निमित्त म्हणजे शाळा, वाचनालय आणि गणेशोत्सव. निझाम सरकारला खासगी शाळेचे भय वाटत असे, ते अगदीच निराधार नव्हते.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची, म्हणजे असहकाराच्या ऐन भरात जन्मलेली. सरकारी साच्याबाहेरचे, निवासी, गुरुकुलाच्या वळणाचे तिचे रूप होते. खेडगीकरांनी तिला शिस्त आणि दिशा दिली. ते विद्यार्थ्यांतच राहत. अभ्यासाइतकेच महत्त्व व्यायामाला आणि श्रमाला होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना मिळाले. याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे धारण करूनही त्यांनी वर्ग सोडला नाही. संन्याशाने मठ सांभाळावा की मुलांना शिकवावे, असा पेच त्यांना पडलेला दिसत नाही. अशा शाळेत आपला मुलगा पाठवणाऱ्या पालकांचे धाडसही लक्षात घेतले पाहिजे. येथून बाहेर पडणाऱ्या मुलाला सरकारी दप्तरात कारकुनी मिळण्याचीही शाश्वती नव्हती.

राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतला हा जुनाच सल होता. मान्यता नाकारणारी शाळा स्वतंत्र राहते, पण स्वातंत्र्याची किंमत चालकांपेक्षा विद्यार्थी अधिक मोजतात. मान्यता घेणारी शाळा मुलाला परीक्षेपर्यंत पोहोचवते. मग काय शिकवावे हे खाते ठरवू लागते. देशभरातील अनेक राष्ट्रीय शाळा याच कात्रीत सापडून १९३० पूर्वी बंद पडल्या होत्या. स्वामीजींनी दोन्ही बाजू प्रत्यक्ष अनुभवल्या. १९३५ साली ते हिप्परगा सोडून अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी नूतन विद्यालय १९१७ पासून गावकऱ्यांच्या आधाराने चालत होते. हिप्परग्याचे एकांतवासी वातावरण येथे नव्हते. ही गावातली, नागरिकांच्या रोजच्या नजरेखालची शाळा होती. परांजपेही येथे आले आणि थोड्याच काळात योगेश्वरी हे मराठवाड्यातील तरुणांचे केंद्र बनले. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेल्या कार्यकर्त्यांच्या पिढीवर हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन शाळांची छाप आहे.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ साली दुसरे अधिवेशन लातूरला झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचे होते. परिषदेचे वळण मवाळ होते. मातृभाषेतून शिक्षण आणि नागरी हक्क अशा मागण्या अर्जविनंत्यांच्या भाषेत मांडल्या जात. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. वर्गात नागरिक घडवायचे आणि वर्गाबाहेर त्याला नागरिकत्वच नाही, ही विसंगती स्वामीजींना अधिक काळ सोसवली नाही. त्यांनी शाळा सोडली, ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहात ते पुढे झाले आणि तुरुंगात गेले.

ते तुरुंगात असतानाच शिक्षणाचा प्रश्न वेगळ्याच बाजूने पेटला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. ते लोण उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत गेले. विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांना कोण घेणार? नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि अनेकांचे शिक्षण वाचले. त्या पिढीत पी. व्ही. नरसिंह राव होते. ते पुढे स्वामीजींना गुरुस्थानी मानत राहिले. गोविंदभाई श्रॉफ हेही मूळचे शिक्षकच. हैदराबादच्या लढ्यात शिक्षक आणि विद्यार्थी इतक्या संख्येने आले, याचे कारण अन्यायाची पहिली ओळख बहुतेकांना शाळेच्या बाकावर झाली होती.

यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामीलीकरणाचा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवला जाताच स्वामीजींना अटक झाली. मधल्या काही आठवड्यांची सुटका सोडली, तर सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत ते कैदेत होते. येथे एका गोष्टीची नोंद घेतलीच पाहिजे. या लढ्याच्या कार्यक्रमात शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार होता. मुले वर्ग सोडून सीमेवरील शिबिरांत गेली. कोणाची दोन वर्षे बुडाली, कोणाचे शिक्षण कायमचे सुटले. मुलांनी शिकावे म्हणून ज्याने उमेदीची वर्षे खेड्यात घालवली, त्याच माणसाच्या नेतृत्वाखाली त्यांनी पुस्तके खाली ठेवली. इतिहासाने तो निर्णय योग्य ठरवला असला, तरी मागासलेल्या भागातील गरीब घरांनी सोसलेला हा तोटा मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत फारसा आढळत नाही.

त्याची काहीशी भरपाई नांदेडमध्ये झाली, असे म्हणता येईल. निझामी राजवट संपली तेव्हा पाच जिल्ह्यांच्या मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि तिचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आले. एकाच वर्षी, एकाच मागास प्रदेशात, दोन भिन्न परंपरांतील माणसांनी आपल्या कामाला पीपल्स हेच नाव द्यावे, हा योगायोग सुखद आहे. संस्थानाच्या, सरकारच्या किंवा धनिकाच्या नावाने कॉलेज काढण्याचे दिवस सरले होते.

पीपल्स कॉलेज ही हिप्परग्याची पुनरावृत्ती नव्हती. हे कॉलेज मान्यता घेऊन, विद्यापीठाशी संलग्न होऊन उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन होईपर्यंत या भागाचा संबंध उस्मानियाशीच होता. म्हणजे ज्या विद्यापीठाने एका पिढीला बाहेर काढले होते, त्याच्याच पदवीसाठी पुढच्या पिढीने नांदेडमध्ये अभ्यास केला. उस्मानियाने आता उर्दू माध्यम सोडले होते; त्या जागी मराठी, तेलुगू किंवा कन्नड आली नव्हती, इंग्रजी आली होती. मातृभाषेतून शिक्षणाची मागणी करणाऱ्या मराठवाड्याच्या पदरात स्वातंत्र्यानंतर हे पडले. भाषावार प्रांतरचनेसाठी आणि हैदराबाद राज्याच्या विसर्जनासाठी स्वामीजींनी हिरिरीने प्रयत्न केले, त्यामागे ही जाणीव होती. एक राज्य तीन भाषांत तुटू नये असे मानणारे बडे नेते काँग्रेसमध्येही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तो प्रश्न मिटला.

कॉलेजात माणसे निवडतानाही कागदापलीकडे पाहिले गेले. नरहर कुरुंदकर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांची पदवी रखडत रखडत, फार उशिरा झाली. त्याआधी ते प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या व्यासंगाची कीर्ती मात्र पदवीच्या आधीच पसरली होती. पीपल्स कॉलेजने त्यांना १९६० च्या दशकात प्राध्यापक म्हणून घेतले. पुढे ते तेथे प्राचार्य झाले आणि १९८२ साली निधन होईपर्यंत त्या पदावर होते. मराठवाड्याच्या बौद्धिक जीवनाला नांदेडने जे दिले, त्यातील मोठा वाटा या एका नेमणुकीचा आहे.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपद त्यांनी कधी भूषवले नाही. हैदराबाद काँग्रेसमधील गटबाजीत त्यांच्यावर टीका झाली. संन्याशाने पक्षाचे राजकारण इतके अटीतटीने करावे काय, असे विचारणारे तेव्हाही होते आणि तो आक्षेप सर्वस्वी गैरलागू नव्हता. उत्तरायुष्यात ते सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या पश्चात मराठवाड्यातील शिक्षणाचे चित्र पालटले. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. लातूरच्या महाविद्यालयांनी १९८० च्या दशकापासून परीक्षेच्या तयारीची अशी पद्धत बसवली की लातूर पॅटर्न हा शब्दच रूढ झाला. एके काळी शिकायला बाहेर जावे लागणाऱ्या या गावात आता राज्यभरातून मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी येतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडचे विद्यापीठ अस्तित्वात आले. पहिले कुलगुरू झाले डॉ. जनार्दन वाघमारे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. म्हणजे परीक्षेत नामवंत ठरलेल्या महाविद्यालयाचे प्राचार्य, परीक्षा आणि मान्यता यांच्याकडे पाठ फिरवलेल्या मुख्याध्यापकाच्या नावाच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिप्परगा त्या विद्यापीठाच्या हद्दीत येत नाही.