‘सबमर्ज्ड’मधला तो ऑफिसर : स्वीड मॉमसेन आणि 33 जणांना वर आणणारी घंटा

2001 मध्ये एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर ‘सबमर्ज्ड’ नावाची टीव्ही फिल्म आली होती. त्यात सॅम नील (हो, तोच ‘जुरासिक पार्क’वाला) चार्ल्स मॉमसेन या नौदल अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहे. विषय आहे 1939 मधला ‘स्क्वालस’ पाणबुडीचा खरा अपघात. अशा फिल्मचा जीव बचावाच्या त्या दोन दिवसांत असतो. पण मॉमसेन यांची गोष्ट त्याच्या 14 वर्षं आधी सुरू होते.

मॉमसेन 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात जन्मले. मित्र त्यांना ‘स्वीड’ म्हणायचे. 1925 मध्ये ते एस-1 या पाणबुडीचे कॅप्टन होते. त्यावेळी एस-51 ही पाणबुडी जहाजाची धडक बसून बुडाली आणि तिला शोधायला मॉमसेन गेले. सापडला तो पाण्यावर तेलाचा तवंग आणि वर येणारे बुडबुडे. खाली ओळखीची माणसं, आणि वरून काहीही करता येत नाही! बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढायची सोयच तेव्हा नव्हती.

मग त्यांनी एका मोठ्या लोखंडी घंटेचा आराखडा वॉशिंग्टनला पाठवला. उत्तर आलं नाही. पुढे त्यांची बदली नेमकी त्याच ऑफिसात झाली, तेव्हा आपलाच कागद तिथं पडून असल्याचं त्यांना दिसलं. डिसेंबर 1927 मध्ये एस-4 बुडाली. तिच्या पुढच्या भागात सहाजण जिवंत होते आणि आतून पत्र्यावर ठोकून निरोप देत होते. वर वादळ होतं. ते सहाही गेले.

यानंतर कामाला वेग आला. आधी ‘मॉमसेन लंग’ तयार झालं. ही छातीवर बांधायची रबरी पिशवी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यातला सोडा लाइम शोषून घेतो आणि तीच हवा पुन्हा वापरता येते. खोल पाण्यात ते आधी स्वतः मॉमसेन यांनी वापरून पाहिलं. घंटेचं काम मात्र पुढे अ‍ॅलन मॅकॅन या अधिकाऱ्याकडे गेलं आणि ती ‘मॅकॅन चेंबर’ म्हणून ओळखली गेली. मूळ कल्पना एकाची, नाव दुसऱ्याचं. मॅकॅन यांनी सुधारणा केल्या हे खरं, तरी थोडं खटकतंच.

23 मे 1939. न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ चाचणीची बुडी मारताना स्क्वालसचा हवा घेणारा मोठा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि मागचा भाग पाण्याने भरला. 26 जण बुडाले. 33 जण जिवंत होते, पण साधारण 74 मीटर खाली, अंधारात आणि थंडीत.

मॉमसेन वॉशिंग्टनहून पोचले. ‘फाल्कन’ जहाजावरून डायव्हर खाली गेला आणि त्याने पाणबुडीच्या झाकणाला तारदोर अडकवला. त्या दोराला ओढत घंटा खाली गेली आणि झाकणावर बसली. आता टेक्निक बघा: घंटेच्या खालच्या कप्प्यातलं पाणी बाहेर ढकलायचं आणि हवेचा दाब कमी करायचा. मग समुद्राचाच दाब घंटेला पाणबुडीवर घट्ट दाबून धरतो. बाथरूमच्या टाइल्सवर चिकटणारा रबरी हुक आठवा, तत्त्व तेच. त्यानंतर झाकण उघडलं की माणूस कपडेही न भिजवता वर येतो.

पहिल्या फेरीत 7 जण आले, मग 9, मग पुन्हा 9. चौथ्या फेरीत शेवटचे 8 जण वर येत असताना दोर अडकला आणि वरच्या तारदोराचे पीळ एकेक तुटू लागले. मॉमसेन यांनी घंटा पुन्हा तळाशी सोडायला लावली! पटकथा लिहिणाऱ्याला असा प्रसंग वेगळा रचावा लागत नाही. नवा दोर बसवायचा प्रयत्न फसला. शेवटी डेकवरच्या माणसांनी जुना दोर हातांनी, हळूहळू ओढला. या एका फेरीला चार तासांहून जास्त लागले. अपघातानंतर साधारण 40 तासांनी सगळे 33 जण वर होते.

गंमत म्हणजे ज्यावर मॉमसेन यांचं नाव होतं, ते लंग या सुटकेत वापरायची वेळच आली नाही. ती वेळ आली 1944 मध्ये, ‘टँग’ पाणबुडी बुडाली तेव्हा.

स्क्वालस वर काढताना डायव्हरना मॉमसेन यांच्या टीमने तपासलेलं हेलियम-ऑक्सिजन मिश्रण दिलं गेलं. साध्या हवेने त्या खोलीवर डोकं गरगरतं, या मिश्रणाने ते टळलं. दुसऱ्या महायुद्धात मॉमसेन यांनी न फुटणाऱ्या टॉर्पेडोंचा दोष शोधण्यासाठी ते हवाईतल्या एका कड्यावर डागून पाहिले. 1967 मध्ये त्यांचं निधन झालं.

डिसेंबर 2018 मध्ये भारतीय नौदलाने मुंबईत बचाव-पाणबुडी दाखल करून घेतली. ती दोराशिवाय स्वतः चालत जाते, पण बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणावर बसते ती त्या जुन्या घंटेसारखीच.