माधवराव सप्रे आणि रायपूरचे राष्ट्रीय विद्यालय

हिंदी गद्याच्या इतिहासात माधवराव सप्रे यांना मानाचे स्थान आहे. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख झालाच तर ओझरता, टिळकांचे अनुवादक म्हणून होतो. या दोन्ही नोंदींत त्यांच्यातील शिक्षक हरवतो. वस्तुतः त्यांचे संपादन काय किंवा अनुवाद काय, एका विस्तीर्ण शाळेचेच वर्ग होते.

१९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण बिलासपुरास व पुढील रायपुरास झाले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांना हिंदीची गोडी लावली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. पदवीधराला सरकारी नोकरीचा मार्ग खुला असण्याच्या त्या काळात त्यांनी पेंड्रा येथे राजकुमाराच्या शिक्षकाची जागा पत्करली आणि तेथूनच जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर आणि वामनराव लाखे हे त्यांचे सहकारी. या तीन मराठी भाषकांनी मागासलेल्या मानल्या गेलेल्या प्रदेशात हिंदी वाचक घडविण्याचा खटाटोप मांडला आणि तीन वर्षे तोटा सोसून तो थांबविला.

त्या काळच्या शाळेत नागरिकत्व शिकविले जात नव्हते असे नाही. विल्यम ली-वॉर्नर या मुलकी अधिकाऱ्याने १८९७ मध्ये लिहिलेले, हिंदी नागरिकाची ओळख करून देणारे पुस्तक अनेक प्रांतांतील विद्यार्थ्यांच्या हाती होते. इंग्रजी राज्याचे लाभ मुलांना समजावून देणे हा त्याचा हेतू होता. त्यातील आदर्श नागरिक म्हणजे कृतज्ञ प्रजाजन. १९०६ मध्ये नागपुरास ‘हिंदी ग्रंथमाला’ काढून, स्वदेशी व बहिष्कारावर पुस्तिका लिहून आणि १९०७ पासून ‘हिंदी केसरी’ चालवून सप्रे यांनी शाळेबाहेर दुसराच पाठ सुरू केला. सरकारने ती पुस्तिका पुढे जप्त केली.

ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. काही महिन्यांनी, वडीलबंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे नमून, त्यांनी क्षमापत्रावर सही केली व ते सुटले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. चरित्रकार या प्रसंगावरून घाईने पुढे जातात. पण सप्रे यांचे उत्तरायुष्य समजून घ्यायचे तर येथेच थांबावे लागते. इतरांना निर्भयतेचा पाठ देणारा शिक्षक परीक्षेच्या क्षणी स्वतः वाकला होता, आणि हे त्यांच्याइतके कोणालाच बोचले नसावे. वर्ध्याजवळील हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषाच्या सान्निध्यात ते काही काळ राहिले. मधुकरी मागून निर्वाह केला. मग रायपुरास परतले.

तेथून पुढची त्यांची ग्रंथनिवड मोठी बोलकी आहे. समर्थांचा ‘दासबोध’, टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील उपसंहार, हे तिन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. प्रपंचात राहून विवेक, कर्तव्य कोणते याचा निर्णय आणि आपल्या भूतकाळाची चिकित्सा, असा हा क्रम पाहिला म्हणजे एखाद्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाची आखणीच डोळ्यांपुढे येते. तौलनिक अभ्यासकाने अनुवादाकडे केवळ शब्दनिष्ठेच्या तराजूने पाहू नये, याचे हे चांगले उदाहरण ठरावे. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी रायपुरास जानकीदेवी महिला पाठशाळाही काढली.

मात्र पुढे उभे राहणे ते बहुधा टाळीत. १९२० साली जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले त्यामागे त्यांची प्रेरणा होती. संपादक झाले माखनलाल चतुर्वेदी. १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत रायपुरास राष्ट्रीय विद्यालय स्थापन झाले तेव्हाही लाखे प्रभृतींच्या बरोबरीने सप्रे यांनी त्याची उभारणी केली. अशा शाळेत मुलाला घालणे पालकांना सोपे नव्हते. सरकारी मान्यता नाही, म्हणजे परीक्षा नाही आणि परीक्षेवाचून नोकरी नाही. तळेगावचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले होते, हेही मराठी कुटुंबांच्या स्मरणात असणार. फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार स्थगित झाला आणि देशभर कित्येक विद्यार्थी जुन्या शाळांकडे वळले. राष्ट्रीय शिक्षणाची ही दुर्बलता सप्रे यांच्या प्रयत्नांनाही चुकली नाही. पुस्तके मात्र मान्यतेवाचून वाचली जात होती.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांचे निधन झाले. त्याच शहरातील, पूर्वी लॉरी या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळेला पुढे माधवराव सप्रे यांचे नाव देण्यात आले.