कलाभवनाचा विद्यार्थी : धुंडिराज फाळके

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे नाशिक उभे राहते, नाहीतर गिरगावातले कॉरोनेशन थिएटर. बडोद्याचा उल्लेख चरित्रकार दोन ओळींत उरकतात आणि लगबगीने मुंबई गाठतात. आम्हा बडोदेकरांना याचा थोडा राग येतो. पण दोष आमचाही आहे. दांडिया बाजारातून राजमहाल रस्त्याला लागताना कलाभवनाची इमारत आपण रोज पाहतो. तिच्या संस्थेने हिंदी चित्रपटसृष्टीचा जनक घडवला, हे घरातल्या मुलांना सांगावे असे आपल्यापैकी किती जणांना वाटते?

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. फाळके महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकले, असे अलीकडे सर्रास छापून येते. विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली आणि ललितकला विद्याशाखा निघाली १९५० साली. फाळके तर १९४४ मध्येच वारले. ते शिकले ते सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात. पुढे विद्यापीठाच्या तंत्रविज्ञान शाखेचा पाया झाले ते हेच कलाभवन. हा भेद मी कीस काढण्यासाठी सांगत नाही. चित्रकलेची शाळा आणि कलाभवन यांत फरक होता, आणि त्या फरकातच फाळक्यांच्या आयुष्याची किल्ली आहे, असे माझे मत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईस विल्सन कॉलेजात ते शिकवू लागले तेव्हा कुटुंबही मुंबईस आले. मुलाला वेदपाठापेक्षा रंगपेटीची ओढ. १८८५ मध्ये त्याने जे. जे. कलाशाळेत नाव घातले, आणि पुढल्याच वर्षी थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर तो बडोद्यास आला. त्याचे पहिले लग्नही येथेच, मराठे यांच्या मुलीशी, झाले. त्या काळी गायकवाडी म्हणजे मराठी माणसाला परके गाव नव्हते. कचेरीत मराठी, वाड्यात मराठी. भाषेसाठी कोणाचे अडत नसे.

आता कलाभवनाविषयी. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बापजाद्यांच्या पटाशीचा आणि स्वतःच्या प्रयोगशाळेचा संबंध तुटू नये, ही त्यांची तळमळ होती. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाला विज्ञानाचे दार बंद असावे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून कलाभवनात शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी देशी भाषेत तांत्रिक पुस्तके तयार करवण्याचा उद्योगही त्यांनी आरंभला. रंगारीकाम, सुतारकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला एकाच छपराखाली आली. रंग कापडावर कसा चढतो आणि का चढतो, ही दोन्ही उत्तरे मुलाने एकाच ठिकाणी मिळवावीत, असा तो बेत होता.

हे गज्जर म्हणजे तेच, ज्यांनी पुढे मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावरचे डांबर रसायनाने उतरवून दाखवले. डांबर फासले होते चापेकर बंधूंनी, १८९६ साली. मराठी माणसाने ही हकीकत ऐकून नेमके काय वाटून घ्यावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. असो. या गृहस्थांनीच एका अॅलेंबिक कारखान्याच्या उभारणीतही हात घातला, तो १९०७ साली, आणि त्यात कोटिभास्कर हे मराठी नाव त्यांच्या बरोबरीने होते.

अशा माणसाच्या हाताखाली धुंडिराज पडला. तैलरंग, जलरंग तर तो शिकलाच. शिवाय घडाईकाम शिकला, वास्तुरचना शिकला. १८९० च्या सुमारास त्याने एक कॅमेरा मिळवला आणि काच धुणे, छाप काढणे सुरू केले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली. तिला सुवर्णपदक मिळाले. आदर्श नाट्यगृहावर निबंध लिहिणारे त्या काळीही पुष्कळ निघाले असते. या तरुणाने ते हाताने उभे करून दाखवले, म्हणजे कोठून काय दिसते आणि काय दिसत नाही हे बोट ठेवून पाहता यावे. ही कलाभवनाची रीत होती.

गज्जरांनी त्याला तीन रंगांचे ठसे, शिळाछापाची छायापद्धती आणि अंधारखोलीतली कामे शिकण्यासाठी रतलामला धाडले. परत आल्यावर १८९३ मध्ये कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरावयास दिली आणि तेथेच फाळक्यांनी स्वतःचे ठसेकाम व छपाई सुरू केली. विद्यार्थ्याला संस्थेच्या सामानावर स्वतःचा धंदा करू देणारे मुख्याध्यापक आज किती आढळतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणि तरीही संसार चालेना. १८९५ मध्ये फाळक्यांनी गोध्र्यास जाऊन छायाचित्रकाराचे दुकान मांडले. तेथे १९०० च्या प्लेगात पत्नी आणि मूल दोन्ही गेली. तिशीतला माणूस रिकाम्या हाताने पुन्हा बडोद्यास आला.

येथे त्याने पुन्हा फोटोचे दुकान घातले आणि तेही बसले. कारण काय, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि ज्याचा फोटो काढला तो लवकर मरतो, अशी समजूत गावात पसरली होती. आपण आज हसतो. पण प्लेगाच्या वर्षांत, घरोघर माणसे मरत असताना, काळ्या फडक्याखाली डोके घालून आपल्याकडे भिंग रोखणाऱ्या माणसाविषयी लोकांना संशय आला, यात मला फारसे नवल वाटत नाही. यंत्र दिसत होते. यंत्राच्या पोटात काय चालते ते कोणी दाखवले नव्हते. फाळके ते जाणत होते आणि लोक जाणत नव्हते, एवढेच अंतर. पण त्या अंतराने दुकान बुडाले.

मी मकरपुऱ्यास राहतो. खंडेराव महाराजांनी बांधलेला आणि सयाजीराव महाराजांनी वाढवलेला राजवाडा एका अंगाला. तो आता हवाई दलाच्या प्रशिक्षणाकडे आहे. दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, जेथे दिवसभर लेथ फिरत असतात. येथल्या काही मुलांना मी सुटीच्या दिवसांत चित्रकला शिकवतो. माध्यमिक शाळेतली मुले. प्रत्येकाच्या घरी मोबाइल, आणि बोटाच्या एका टोचणीत फोटो. एकदा त्यांच्याकडून पुठ्ठ्याची पेटी, टाचणीचे भोक आणि तेल लावलेला कागद एवढ्यावर कॅमेरा करवला. बाहेरचे चिंचेचे झाड कागदावर उलटे पडले, तेव्हा निम्म्या मुलांनी पेटी उलटी धरून पाहिली आणि झाड तरीही उलटेच राहिले. मग जी वादावादी जुंपली ती तासाभराने मिटली. त्यानंतर एका मुलीने मला विचारले की, मोबाइलमधले झाड मग सुलटे कोण करते? असा प्रश्न पेटी करण्यापूर्वी कोणी विचारला नव्हता.

फाळक्यांनी दुकान बंद केले, हात मात्र बंद केले नाहीत. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, किरकोळ भूमिका केल्या. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली, आणि १९०१ च्या अखेरीस आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे खेळ करू लागले. यातला विनोद पाहा : ज्या गावाने कॅमेऱ्याला भुताटकी म्हणून नाकारले, त्याच गावाने उघड उघड बनवाबनवीसाठी टाळ्या दिल्या असतील. प्रेक्षकाला फसायला आवडते. पण फसवणूक आहे हे ठाऊक असले पाहिजे, हा धडा त्यांनी तेथे गिरवला असावा, असे मला वाटते.

१९०२ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केले, या सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशेकार म्हणून नोकरी लागली आणि बडोदे सुटले. मधल्या वर्षांची हकीकत थोडक्यात सांगतो. नोकरी सोडली, लोणावळ्यास छापखाना काढला, रविवर्म्याच्या चित्रांच्या छापखान्यासाठी कामे केली. ते दादरला आले. १९०९ मध्ये यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून बाहेर पडले. फाळक्यांना सगळी विद्या आली, भागीदारी तेवढी आली नाही. हे पुढेही दोनदा-तीनदा दिसून आले.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्या पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, हेही. पण पौराणिक चित्रे पडद्याएवढी मोठी असू शकतात, हे त्यांना बडोद्यातही कळले असणार. ते येथे असतानाच, १८८८ मध्ये, सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले होते.

पुढे महिनेमहिने चित्रपट पाहून आणि रात्री फिल्मचे तुकडे तपासून डोळे गेले; उपचाराने परत आले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलच्या आरंभी परतले.

आता दुसरा कोणी असता तर त्याने लगेच हरिश्चंद्राची तयारी मांडली असती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा समोर रोखला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत ठराविक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. महिनाभराहून अधिक दिवसांची वाढ मिनिटभराच्या फितीत धावली. दिवसाला एकच चौकट घेतली, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. पण सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर तीस दिवसांत दोन सेकंदांचाही खेळ होत नाही, तेव्हा चौकटी पुष्कळच अधिक असल्या पाहिजेत. ते काही असो. हीच फीत त्यांनी पैसेवाल्यांना दाखवली आणि भांडवल उभे राहिले. मला येथे १८९२ च्या त्या नाट्यगृहाची आठवण होते. आधी लहान नमुना करावा, तो लोकांसमोर ठेवावा, मग मोठ्या कामाला हात घालावा; अहमदाबादला पदक मिळवणारा विद्यार्थी आणि वाटाणे पेरणारा हा गृहस्थ एकच.

सरस्वतीबाईंचा वाटा सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. फिल्म भोके न पाडलेली येत असे. त्या अंधारात बसून भोके पाडीत, रसायने मिसळीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. कोणतीही स्त्री पडद्यावर काम करावयास तयार नव्हती, म्हणून तारामती झाले साळुंके, जे एका उपाहारगृहात कामाला होते. राजा हरिश्चंद्र सुमारे ३७०० फूट लांबीचा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी तो ऑलिंपियात निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला.

यानंतरच्या यशाची यादी मी देत नाही. लंकादहन, कृष्णजन्म, कालियामर्दन ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मला महत्त्वाच्या वाटतात त्या लहान लहान फिती, ज्यांची नावे कोणी घेत नाही. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्यांची मौज केली. आगपेटीतल्या काड्या पडद्यावर आपोआप हलतात. केळफांची जादूही त्यांनी फितीत उतरवली. आणि १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात या विषयावरच एक चित्रपट केला. तीत फाळके स्वतः काम सांगताना, फिल्म हाताळताना, तुकडे जोडताना दिसतात. ज्या जादूवर आपले पोट भरते, तिची कळ धंद्यातला माणूस सहसा उघडी करीत नाही. या माणसाने तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ती उघडून दाखवली. बडोद्यातल्या त्या बुडालेल्या दुकानाची आठवण त्यामागे होती की नव्हती, हे सांगणारा आज कोणी नाही. माझ्यापुरते मी मानतो की होती.

इकडे बडोद्यातही काळ पालटला होता. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि त्या खात्याची एक शाखा केवळ चित्रांतून शिक्षण देण्यासाठी होती. जादूचे कंदील, दुहेरी भिंगातून पाहावयाची चित्रे आणि चलच्चित्रांचे यंत्र घेऊन तिची माणसे खेडोपाडी जात. ज्या राज्यात कॅमेऱ्याला लोक भीत, तेथे विशीच्या आत गावकरी अंगणात बसून फुकट सिनेमा पाहू लागले.

फाळक्यांचा उत्तरकाळ सुखाचा नव्हता. १९१८ मध्ये नाशकास हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. ते सर्व सोडून काशीला गेले, परत आले, आणि परतल्यावरही जुने दिवस काही आले नाहीत. पडदा बोलू लागला आणि त्यांची भाषा जुनी ठरली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण हा एकच बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला, तोही एका संस्थानाच्याच आश्रयाच्या गावी. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला.

हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी थोडाच भाग आज उरला आहे. त्या १९१७ च्या लहानशा फितीचा काही अंशही शिल्लक आहे. दादासाहेब त्यात फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून एकेक चौकट निरखताना दिसतात.